नानायच्या हातचा हलाया

बाळ येशूच्या फेस्ताच्या, म्हणजे गावच्या सणाच्या, आदल्या दिवशी सकाळी रुफिनाने आपल्या उजव्या मनगटाला बँडेज गुंडाळलं. मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलंही नव्हतं. दुखत होतं हे खरं, पण ते दर जानेवारीत दुखायचं आणि त्याची दखल खुद्द मनगटाखेरीज कोणी कधी घेतली नव्हती. यंदा मात्र तिने औषधांच्या दुकानातून चांगलं रुंद बँडेज आणलं, आरशासमोर उभं राहून ते पार कोपरापर्यंत चढवलं, चेहरा जरा पाडून बघितला आणि मगच ती स्वयंपाकघराकडे वळली.

हे नाटक का, ते सांगायला हवं. बोहोल बेटाच्या या टोकाला कोणालाही विचारा, जांभळ्या कोनफळाचा हलाया, म्हणजे घट्ट आटवलेला गोड हलवा, खावा तर तो नानाय तिओदुलाच्या हातचा. नानाय म्हणजे आई; रुफिनाची ती खरीच आई, बाकी गावाची मानाने. पण त्या म्हातारीने शेवटचा कालथा कधी धरला होता, ते तिचं तिलाही आठवलं नसतं. आधी नवरा गेला, मग गुडघे गेले, आणि तेव्हापासून ती चुलीची धग लागणार नाही इतक्या अंतरावर वेताच्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "ढवळ." रुफिना ढवळायची. कोनफळं रुफिना उकडायची, सोलायची, किसायची, नारळाचं दूध काढायची, आणि मग त्या भल्यामोठ्या लोखंडी कढईत वल्ह्याएवढा कालथा फिरवत राहायची, खांदा निखळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे, हलाया जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वा, नानाय! काय हात आहे तुमचा!" म्हातारी नव्या नवरीसारखी लाजायची. "अहो, आता कुठे राहिलाय पूर्वीसारखा!" रुफिना तेव्हा मागच्या अंगणात कढई घासत असायची.

हे असंच चाललं असतं, रुफिनाला त्याची सवयही झाली होती. पण यंदा चर्चच्या स्वयंपाकघराची मुख्य बाई नजर गेल्यामुळे लेकीकडे राहायला गेली आणि तिची जागा रिकामी झाली. सरपंच फेलिसाबाईंनी बाजारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मी फेस्ताचं जेवायला नानाय तिओदुलाकडेच जाणार आहे. तिलाच विचारीन, बाई, तुझा हात कोणात उतरलाय? ती नाव घेईल तिच्या हातात पुढच्या वर्षीपासून चर्चच्या स्वयंपाकाचा मोठा डाव."

रुफिनाला तो डाव हवा होता. हवा म्हणजे अगदी मनापासून, पोटातून हवा होता. साठी जवळ आली तरी "काय करूया?" असं तिला कोणी विचारलं नव्हतं, "केलंस का?" एवढंच सगळे विचारायचे. आईने चार माणसांत एकदाच म्हणायला हवं होतं, "रुफिनाशिवाय हे जमत नाही." बस, इतकंच. मागून ते मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून बँडेज. हात बंद म्हणजे हलाया बंद, हलाया बंद म्हणजे म्हातारीला तोंड उघडणं भाग. हिशेब कसा चोख होता!

नानाय खुर्चीत येऊन बसलीच होती. तिने बँडेजकडे पाहिलं.

"हे काय?"

"हात धरलाय, नानाय. हलवताच येत नाही."

"उजवा?"

"हो ना."

"मग डाव्याने ढवळ."

"डाव्याने एवढी कढई ढवळत नाही, नानाय. यंदा माझ्याच्याने नाही व्हायचं."

म्हातारीने कोनफळांच्या टोपलीकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, मग रुफिनाकडे पाहिलं. रुफिनाचा जीव कानात गोळा झाला. आता येणार ते वाक्य! म्हातारीचे ओठ हललेसुद्धा.

"नानाय, मी आहे ना!" मागून आवाज आला.

हा पोन्सो. रुफिनाचा धाकटा भाऊ इल्देफोन्सो, कॅनडात राहतो, बऱ्याच वर्षांनी बायकोला घेऊन फेस्ताला आला होता. पन्नाशी उलटून डोक्याचा चंद्र झाला तरी आई त्याला अजून 'दोदोंग' म्हणजे 'बाळ्या' म्हणायची. तो दारात उभा होता, बाह्या वर करून. "मी ढवळतो. मर्लिंडा सोलेल, किसेल. तिला शिकायचंच होतं. आणि मानांग, तू आराम कर गं, ताईसाहेब! दरवर्षी नानायच्या मागे लुडबुड करत असतेस."

लुडबुड! रुफिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण म्हातारीचा चेहरा असा काही उजळला, जणू बाळ येशू खुद्द तिच्या दारात कालथा मागायला आलाय. "ऐकलंस का, रुफिना? माझा दोदोंग कॅनडातून येऊन माझ्यासाठी हलाया करणार! आणि सूनबाई शिकणार!"

सूनबाई मोबाइल हातात घेऊन आधीच तयार होती. मर्लिंडा मूळची मनिलाची, तिकडून थेट कॅनडाला गेलेली. कोनफळ तिने आजवर आइस्क्रीमच्या डब्यावरच्या चित्रात पाहिलं होतं. तिने मोबाइल भिंतीला टेकवून उभा केला, केस सारखे केले आणि मोबाइलला उद्देशून म्हणाली, "मैत्रिणींनो, आज मी सासूबाईंची पिढीजात पाककृती दाखवणार आहे." मग सुरी घेतली आणि एक कच्चं कोनफळ सोलायला लागली.

कोनफळ आधी सालीसकट उकडतात. कच्चं सोललं की सुरणासारखं खाजतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रुफिना म्हणाली, "अगं मर्लिंडा, आधी—"

"तू बस गं हात घेऊन," नानाय म्हणाली. "तिला तिच्या पद्धतीने करू दे. तुझं आपलं सारखं मध्ये मध्ये."

रुफिना बसली. बाकड्यावर, हात छातीशी धरून, तोंडाला कुलूप लावून.

दुसऱ्या कोनफळापर्यंत मर्लिंडाने मनगट खाजवलं. तिसऱ्यापर्यंत कोपर. चौथ्याला ती मोबाइलसमोर हसत हसत पदार्थाची महती सांगत होती आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात घासत होती, पाठ खाजलेली म्हैस झाडाला अंग घासते तशी. शेवटी असह्य होऊन तिने हात झटकले आणि अर्धवट सोललेलं ते कोनफळ सटकलं. पायरीवरून उड्या मारत ते अंगणात गेलं, कोंबड्यांमधून वाट काढत घरंगळलं आणि डुकराच्या खुराड्याच्या कुडाला टेकून थांबलं.

"येशू-मरी-योसेफ!" नानाय खुर्चीतून अर्धी उठली. गुडघे गेलेली बाई, पण उठली. "उचल त्याला! मुका घे!"

मर्लिंडाला वाटलं थट्टाच आहे. ती हसली. तिला काय ठाऊक, बोहोलात हातातून ताट पडलं तर चालतं, पोर पडलं तरी चालतं, पण कोनफळ पडलं तर ते उचलून त्याचा मुका घ्यायचा आणि माफी मागायची. लढाईच्या काळात भात संपला, मका संपला, तेव्हा या कोनफळानेच गावं जगवली, असं नानाय कोणालाही कधीही सांगायला तयार असायची. आत्ताही तिने ते सांगितलं, सगळंच्या सगळं.

"पण नानाय, त्याला कोंबडीची घाण लागलीय!"

"मग त्यात त्याचा काय दोष? त्याने स्वतःहून उडी मारली होय?"

मर्लिंडाने चिमटीत धरून कोनफळ तोंडाच्या वीतभर लांब नेलं आणि हवेत ओठ हलवले.

"आवाज नाही आला," नानाय म्हणाली.

मर्लिंडाने पोन्सोकडे पाहिलं. पोन्सो आकाशाकडे पाहत होता. शेवटी बिचारीने एका बाजूने ते पदराला, म्हणजे आपल्या महागड्या अॅप्रनला पुसलं, आणि नेमक्या सोललेल्या, चिकट, कच्च्या भागावर ओठ टेकवले. चांगला आवाज आला. "माफ कर," ती कोनफळाला म्हणाली. म्हातारी समाधानाने खाली बसली.

रुफिना हे बघत होती आणि तिला गेल्या वर्षीची विहीर आठवत होती. शेवाळावरून पाय घसरून ती टोपलीसकट आडवी झाली होती. आवाज ऐकून खिडकीतून म्हातारीने विचारलं होतं, "किती पडली गं?" रुफिना म्हणाली होती, "मी एकटीच, नानाय." त्यावर म्हातारी म्हणाली, "तुझं कोण विचारतंय? कोनफळं किती पडली?" मग रक्ताळलेला गुडघा तसाच ठेवून रुफिना ओल्या दगडांवर बसली होती आणि टोपलीभर कोनफळांचे एकेक करून मुके घेत होती. तिचा गुडघा अजून जिना चढताना दुखतो. कोनफळांना काही झालं नव्हतं.

घटकाभरात मर्लिंडाचे ओठ सुजायला लागले. आधी खालचा, मग वरचा. मोबाइलसमोरून ती पळाली ती थेट न्हाणीत, व्हिनेगरची बाटली घेऊन. "आता सगळं माझ्यावर," पोन्सो छाती काढून म्हणाला, आणि नानायने पदर डोळ्यांना लावावा तशी झग्याची कड डोळ्यांना लावली. "किती राबतंय माझं पोर!"

पोराने अजून काडीही पेटवली नव्हती.

कोनफळं उकडून झाली ती रुफिनाने डाव्या हाताने विस्तव सारून दिला म्हणून. किस मात्र पोन्सोनेच पाडला, जाडाभरडा, बोटाएवढ्या गाठींचा. मग चूल रसरसून पेटवली. हलायाला मंद आंच लागते, नारळाच्या सोडणांची, हळूहळू धुमसणारी. पोन्सोने करवंट्या घातल्या, सुकी लाकडं घातली, वरून फुंकर घातली. जाळ कढईच्या कडेवरून डोकवायला लागला. आटीव दुधाचे डबे थोडे थोडे करून घालतात. त्याने सगळे एकदमच उपडे केले. साखर, नारळाचं दूध, लोणी, सगळं एका दमात. "कशाला वेळ घालवायचा!" तो म्हणाला. मग एका हाताने कालथा फिरवत दुसऱ्या हाताने त्याने मित्राला व्हिडिओ कॉल लावला.

"हे बघ, भावा! लाकडाची चूल! आईची कढई! आपली माती, आपली माणसं!"

आपल्या माणसाने मोबाइल नीट दिसावा म्हणून कालथा थांबवला होता. कढईच्या तळाशी एक बारीकशी 'फुस्स' झाली. ती फक्त रुफिनाला ऐकू आली. बँडेजमधला हात आपोआप गोल फिरायला लागला होता. तिने तो डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला.

"पोन्सो, तळ धरतोय रे. फिरवत राहा."

"अगं, माहीत आहे मला."

"त्याला शिकवू नकोस," म्हातारी कडाडली. मग लगेच साखरेत बुडवल्यासारख्या आवाजात, "दोदोंग, दमलास का रे? बस जरा. पाणी पी."

बस जरा! रुफिना चक्क वळून आईकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत या खुर्चीतून हे दोन शब्द कधी आले नव्हते. इतक्या वर्षांत ते या बाईला येतात हेच रुफिनाला माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त आयतं होतंच.

पोन्सो बसला. पाणी प्याला. कॅनडातल्या मित्राला डुक्करही दाखवून आला. तोवर करपल्याचा वास स्वयंपाकघर ओलांडून शेजारच्यांच्या कुत्र्यापर्यंत पोहोचला. ते कुडाजवळ येऊन शिंकून गेलं.

"काही करपतंय का रे?" नानायने विचारलं.

"छे! धूर आहे."

आता करपलंच तर त्यावरही उपाय असतो. तळाला हात लावायचा नाही, वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं. पण पोन्सो काही अर्धवट काम करणारा माणूस नव्हता. त्याने दोन्ही हातांनी कालथा धरला आणि तळ खरवडून खरवडून, सगळी काळी खपली पापुद्र्यापापुद्र्याने वर आणून छान मिसळून टाकली. फिकट जांभळा, आतून गुलाबी झाक मारणारा तो किस बघता बघता रस्त्यावरच्या चिखलाच्या रंगाचा झाला.

तेवढ्यात मर्लिंडा परत आली. ओठांवर तिने ओला रुमाल धरला होता. कढईत डोकावून तिने रुमाल काढला आणि किंचाळली. मग पिशवीतून एक बाटली घेऊन आली. कॅनडाच्या दुकानातली, कोनफळाचा रंग आणि सुगंध.

रुफिनाला राहवलं नाही. "अगं, कोनफळाच्या गावात कोनफळाचा रंग बाहेरून आणलास?"

"मानांग, व्हिडिओत रंग उठून दिसायला नको का?"

झाकण घट्ट होतं. मर्लिंडाने ओढलं, पोन्सोने ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. उघडलं तेव्हा अर्धी बाटली कढईत गेली आणि उरलेली दोघांच्या हातांवर, मनगटांपर्यंत. राख लावली, लिंबू लावलं, रॉकेल लावलं. रंग हलेना. कढईतला हलाया मात्र आता असा जांभळा दिसत होता, जणू आत दिवा लावलाय.

नानायने चमचा मागितला. रुफिना उठून उभी राहिली. यापुढे काही बोलायची गरजच नव्हती. म्हातारीची जीभ अजून शाबूत होती, सगळ्या गावात तशी जीभ नव्हती. तिने घास तोंडात घातला. चावला. दाताखाली काहीतरी कुरकुरलं. तिच्या भुवया आक्रसल्या, मान हळूहळू वर आली. समोर पोन्सो उभा होता, घामाने निथळलेला, कपाळावर काजळी, हात जांभळे, आणि चेहऱ्यावर सातवीत बक्षीस मिळालेल्या मुलाचं हसू.

"छान झालाय, दोदोंग," नानाय म्हणाली आणि गिळून टाकला.

रुफिना परत बसली. टोपलीत अजून अर्धी कोनफळं शिल्लक होती. बँडेज सोडलं असतं, झगा खोचला असता, तर संध्याकाळपर्यंत दुसरी कढई सहज उतरली असती. तिने तो विचार केला. खरंच केला. मग म्हटलं, नाही. आज म्हातारीने पोरासाठी गिळलं, उद्या सरपंचबाई थोड्याच गिळणार आहेत? उद्या सगळ्यांसमोर विचारतील, "नानाय, हे काय झालं?" आणि तेव्हा तिला सांगावंच लागेल. एक दिवस काय, रुफिना एवढी वर्षं थांबली होती.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक झाली, ढोल वाजले, बाळ येशू गावभर फिरून परत चर्चमध्ये गेला आणि माणसं जेवायला घरोघर पांगली. नानायच्या घरी आधी सरपंच फेलिसाबाई आल्या, त्यांच्यामागे अर्धा गाव. भाजलेलं डुक्कर फस्त झालं, मासे संपले. मर्लिंडा भर उकाड्यात लेसचे पांढरे हातमोजे घालून बसली होती आणि "कॅनडात असंच असतं" म्हणून सांगत होती. पोन्सोने जेवणभर हात टेबलाखाली ठेवले होते. घास घेण्यापुरता वर काढायचा आणि झटकन खाली न्यायचा. रुफिना दाराशी उभी होती. तिचं बँडेज पांढरंशुभ्र होतं, त्यावर जांभळा ठिपकासुद्धा नव्हता.

मग हलाया आला. पत्र्याच्या लंबगोल साच्यांतून काढलेला, वर लोण्याचा हात फिरवलेला. "आला! आला!" माणसं सरसावली. फेलिसाबाईंनी मोठा तुकडा घेतला, नेहमीसारखे डोळे मिटले.

डोळे उघडले.

सगळं टेबल चावत होतं. नुसता कुरकुर कुरकुर आवाज येत होता. एका म्हाताऱ्याने तोंडातून कोळशाएवढी खपली काढून हळूच ताटाखाली सरकवली. ज्याने त्याने पाण्याचा पेला जवळ ओढला, आणि पाणी पिऊन तोंड पुसलं तो रुमाल जांभळा. शेवटी फेलिसाबाईंनी घसा खाकरला. त्यांची जीभ जांभळीभडक झाली होती.

"नानाय... यंदा चव जरा... म्हणजे वाईट नाही हो... पण कडवट लागतेय का थोडी?"

रुफिनाने दाराची चौकट घट्ट धरली. आला. आला तो क्षण. म्हातारीने चमचा खाली ठेवला. तिने पोन्सोकडे पाहिलं. पोन्सोचा चेहरा उतरला होता, टक्कल लाल झालं होतं, मान ताटात गेली होती. तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काय सांगू, बाई," नानाय म्हणाली. "यंदा माझा हात लागलाच नाही. यंदा सगळं रुफिनाने केलंय."

"हां!" अख्खं टेबल एकदम म्हणालं. "तरीच!"

कसा सुटकेचा श्वास होता तो! माणसं हसली, खुर्च्या सैल झाल्या, ताटं मोकळेपणाने बाजूला सारली गेली. सगळे वळून दाराकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत तिचं नाव घेतलं गेलं होतं आणि सगळा गाव तिच्याकडे बघत होता, दयेने.

"असू दे गं, रुफिना," फेलिसाबाई म्हणाल्या. "हात काय सगळ्यांनाच नसतो. त्यात तुझा तर दुखावलेला."

"मी नाही केला," रुफिना म्हणाली. "माझ्या हाताला बँडेज आहे. बघा ना. मी कसा करणार?"

"तेच म्हणतेय मी, बँडेज घेऊन कशाला करायला गेलीस? नानायला विचारायचं तरी होतंस एकदा."

तिने भावाकडे पाहिलं. पुरावा टेबलाखाली मनगटांपर्यंत जांभळा होऊन बसला होता. पोन्सोने तोंड उघडलं. मिटलं. मग खूप मायेने म्हणाला, "जाऊ दे, मानांग. पुढच्या वर्षी जमेल तुला."

मर्लिंडाने हातमोज्यासकट तिचा खांदा थोपटला.

"मग चर्चच्या डावाचं काय करायचं?" कोणीतरी विचारलं. फेलिसाबाईंनी सुस्कारा टाकला. "काय करणार? नानायचा हात नानायपाशीच राहिला. पुढच्या वर्षी शहरातून तयार डबे मागवू."

आणि त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

रुफिना मागच्या अंगणात आली. ओसरीच्या कोपऱ्यात, पोत्यावर, पुढच्या लागवडीसाठी राखलेलं सगळ्यात मोठं कोनफळ ठेवलं होतं, तान्ह्या मुलाएवढं. तिने ते उचललं, डोक्याच्या वर नेलं आणि उजव्या हाताच्या सगळ्या ताकदीने जमिनीवर आपटलं. कोंबड्या फडफडत कुडावर गेल्या. सकाळी डुक्कर भाजलं त्या जागी राख उरली होती, ती उडाली.

तिला फार बरं वाटलं. फार वेळ नाही, पण वाटलं.

"रुफिना!" आतून म्हातारीचा आवाज आला. या बाईला करपल्याचा वास येत नाही, पण कोनफळ पडल्याचा आवाज भिंतीपलीकडून येतो. "काय पडलं गं?"

रुफिना उत्तर देणार नव्हती. पण गुडघे आपोआप वाकले. ती मातीत बसली, कोनफळ मांडीवर घेतलं. एका बाजूने चिरलं होतं, आतून गुलाबी जांभळं ओलं दिसत होतं. चुकलं काय होतं त्याचं? तिने ते बँडेजने पुसलं, चिरलेली बाजू टाळून त्याचा मुका घेतला आणि हळूच म्हणाली, "चुकले रे. लागलं का फार?" आणि मग तिला रडू फुटलं.

"मुका घेतलास का?"

"घेतला, नानाय."

"मग ये लवकर आत. त्या कढईच्या बुडाला बोटभर कोळसा धरलाय. मर्लिंडाने घासून बघितली, दोदोंगने बघितली, कोणाच्या बापाला निघत नाही." मग म्हातारी पाहुण्यांकडे वळली असावी, कारण तिचा आवाज मोठा आणि कौतुकाचा झाला, अगदी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असा. "खरं सांगते, फेलिसाबाई, रुफिनाशिवाय हे जमत नाही!"

आत सगळ्यांनी हो हो म्हटलं. रुफिनाने कोनफळ पोत्यावर जागच्या जागी ठेवलं आणि बँडेज सोडायला घेतलं. कोपरापासून सुरू केलं, तर बरंच लांब निघालं. कढई घासायला ते बरं पडलं.